मानेतला वारा

"मॅटवर थोपटलं की सोडायचं. त्याच क्षणी. आणि ज्याला थोपटता येत नाही, त्याच्यासाठी बघणाऱ्यानं थोपटायचं. वाट बघत उभं राहायचं नाही, कळलं?"

ज्युदो शिकवणाऱ्या सरांचा हा आवाज बारकीच्या कानात कितीतरी वर्षं राहत होता, पण एखाद्या गरीब भाडेकरूसारखा, असून नसल्यासारखा. त्या दुपारी गणवेश शिवणाऱ्या दुकानात, हातात टेप आणि ओठांत टाचण्या असताना, तो एकदम आतून दार वाजवू लागला.

तिचं खरं नाव काही बारकी नव्हे. दादापेक्षा धाकटी म्हणून घरात बारकी, आणि आता तिची स्वतःची लेक शाळेत जायला लागली तरी बारकीच. दादा शाळेची बस चालवायचा. शाळेनं यंदा चालकांना कडक कॉलरचे नवे शर्ट दिले होते, तेही बारकीच्याच दुकानात शिवलेले. त्यातला आपला शर्ट घेऊन दादा दुपारच्या फेरीआधी आला होता.

"गळा आवळतोय गं. जरा मोठा कर."

"गळा लहान नाही झाला, दादा. मान मोठी झाली. वहिनीच्या हाताला चव आहे, त्याला शर्ट काय करणार?"

"बघ, तुझ्या शिलाईचा दोष आणि नाव माझ्या जेवणाचं!"

ती हसली. तिनं वरचं बटण लावलं, कॉलरीत दोन बोटं घालून पाहिली. एकच जेमतेम जात होतं. "उजवीकडे बघ," ती म्हणाली, "कुठं रुततंय ते कळू दे."

दादानं मान वळवली. आणि विजेचा दिवा जावा तसा तो गेला. आवाज नाही, झोक जाणं नाही. गुडघे मिटले, खांदा कापायच्या टेबलाला घासला, टाचण्यांचा डबा पालथा झाला आणि आडदांड माणूस चिंध्यांच्या ढिगावर येऊन पडला. डोळे अर्धे उघडे, पण त्यात कुणी नव्हतं.

'देवा, देवा' एवढंच बारकीच्या मनात चाललं होतं. तोंडातल्या टाचण्या थुंकून तिनं बटण ओढलं. ते तुटलंच. तोच दादाच्या पापण्या हलल्या. त्यानं छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि ओशाळं हसला.

"काय नाही गं. जरा वारा आला."

'वारा आला.' हा शब्द तिनं ज्युदोचा हॉल सोडल्यापासून कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

दोघं भावंडं लहानपणी एकाच हॉलमध्ये ज्युदो शिकली होती. सरांना मुलांना अंगाच्या नाजूक जागा सांगायची हौस होती, ती मारण्यासाठी नव्हे, सांभाळण्यासाठी. प्रत्येक जागेचं जपानी नाव ते पाठ करून घेत. कानशिलाला कासुमी, म्हणजे धुकं. छातीखालच्या खळग्याला सुइगेत्सू, पाण्यातला चंद्र. आणि जबड्याखाली मानेच्या कडेला, जिथं बोट ठेवलं की नाडी उडते, तिथं मात्सुकाझे. पाइनच्या झाडांतला वारा.

"एवढं गोड नाव का, सर?" बारकीनं विचारलं होतं.

"माझ्या गुरूंनी सांगितलं नाही, म्हणून मी छातीठोक सांगणार नाही," सर म्हणाले होते. "पण इथं पकड बसून ज्याची शुद्ध जाते, त्याला परत आल्यावर विचार. तो म्हणेल, आधी कानात झाडं सळसळली. मग काळोख." मग सगळ्यांवर नजर फिरवून ते म्हणाले होते, "देवानं माणसाचं सगळं हाडांच्या पेटीत घातलं. मेंदू कवटीत, काळीज फासळ्यांत. मेंदूला रक्त नेणारा हा रस्ता मात्र उघड्यावर ठेवला. का, ते त्यालाच ठाऊक. आपण जपायचं."

म्हणून हॉलमध्ये कुणी पकडीत बेशुद्ध झालं की पोरं म्हणत, वारा आला त्याला. पाय वर धरायचे, तो डोळे उघडायचा, सगळे हसायचे आणि पुढची जोडी मॅटवर यायची.

"दादा, पण इथं तुला कुणी धरलं नव्हतं," बारकी हळूच म्हणाली.

"तुझ्या कॉलरनं धरलं की! आतून इतका कडक बकरम घालतात का? माणसाच्या गळ्याला शिवतेस की घोड्याच्या?" तो उठला, कपडे झटकले, टाचण्या गोळा करू लागला.

त्या संध्याकाळी तिनं कॉलर उसवून चांगली सैल केली. शिवताना मनाला खात राहिलं, की माझ्याच हातच्या कामानं भावाला फास बसला. सकाळी दिवा लावून देवापुढं बसल्याशिवाय ती घोटभर पाणीही घेत नसे. त्या बैठकीत तिनं दुसऱ्या दिवशी कॉलरबद्दल क्षमासुद्धा मागितली. मग जरा हलकं वाटलं. दोष कॉलरचा, कॉलर सैल झाली, प्रश्न मिटला. भ्यालेलं माणूस बाहुलीला सुद्धा आई मानतं, तसलंच ते.

पण तिच्या लेकीला, खारूला, तोंड होतं. खारूताईसारखी सतत काहीतरी कुरतडणारी म्हणून खारू. मामाच्याच बसनं ती शाळेत जायची, पहिल्या बाकावर बसायची आणि घरी येऊन दिवसभराची बातमीपत्रं वाचायची.

"आई, आज मामा लाल दिव्याला झोपला."

बारकीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "झोपला म्हणजे?"

"म्हणजे मान अशी. हिरवा झाला तरी जाईना. मागून सगळे पॉंऽ पॉंऽ करत होते. मग मी म्हटलं, मामा, हिरवा! मग उठला. मला म्हणाला, आईला सांगू नको, तुला गोळी देईन."

"दिली?"

"नाही ना. म्हणून तर सांगितलं."

खारू हसली. शर्ट कोणता होता, ते विचारायची गरज नव्हती. सैल कॉलरचा तो शर्ट बारकीनं स्वतः इस्त्री करून दिला होता.

रविवारी ती दादाकडे गेली. वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होती.

"या वन्सं! बघा तुमच्या भावाची थेरं. हल्ली अर्धीच दाढी करतात. उरलेली काय माझ्यासाठी ठेवतात, देव जाणे."

दादा पायरीवर बसून पंपाचा वॉशर बदलत होता. बारकीनं निरखून पाहिलं. गाल तुळतुळीत, हनुवटी तुळतुळीत. पण उजव्या जबड्याखाली, नाडीच्या त्या जागेवर, आठवड्याचे खुंट तसेच होते. वस्तरा तिथं जातच नव्हता.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. केव्हाचंच.

वहिनी बादली घेऊन आत गेल्यावर ती त्याच्या शेजारी बसली. "दाढी करताना पण येतो ना वारा?"

दादानं पाना फिरवायचं थांबवलं. "खारूनं चुगली केली वाटतं."

"कितीदा आला?"

"अगं, मोजतो का कुणी? हॉलमध्ये मी कितीदा गेलो असेन, आठव. काय झालं? जातो, येतो. तू तर अशी बघतेस, जणू माझी तिरडीच बांधलीय!"

"हॉलमध्ये खाली मॅट होती, दादा. इथं मागं पोरं आहेत."

"तेव्हा गाडी उभी होती. पाय ब्रेकवर होता."

"आणि चालती असती तर?"

तो पुन्हा पाना फिरवू लागला. बारकीला तेव्हा कळलं, की दुसरं कुणी असं पडतं तर पहिल्याच दिवशी घाबरून डॉक्टरकडे पळालं असतं. पण हा हॉलमध्ये वाढलेला. बेशुद्ध होणं म्हणजे त्याला शिंक. भीती जिथं उगवायची, ती जागाच त्यानं लहानपणी तुडवून सपाट केली होती. आणि तिनंही, नाहीतर कॉलर उसवून ती गप्प बसली असती का?

"डॉक्टरकडे चल. आजच. याला औषध असेल, उपाय असेल."

"असेल ना. आणि डॉक्टर पहिल्यांदा काय म्हणेल? गाडी बंद. मग मी काय करू, तुझ्याकडे काज-बटणं लावायला येऊ? सुट्ट्या लागू देत. सुट्टीत जातो. तोवर मी मान जपून वळवतो, हे बघ." आणि त्यानं खरंच मान न हलवता सगळे खांदेच वळवून दाखवले, कपाट सरकवावं तसे.

"दादा, मला भीती वाटते."

"तुला झुरळाची पण वाटते." मग त्याचा आवाज खाली आला. "बारके, हे तुझ्या-माझ्यात. वहिनीला नाही, शाळेत तर नाहीच नाही. खारूच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं समज आणि बोल, नाही सांगणार."

तिनं मान हलवली नसती तर बरं झालं असतं. पण वहिनीची पावलं वाजली, दादाच्या डोळ्यांत एवढं मोठं आर्जव होतं, आणि लहानपणापासून त्यानं मागितलं आणि तिनं दिलं नाही असं कधी झालंच नव्हतं. "नाही सांगणार," ती म्हणाली.

दिलेला शब्द तिच्या लेखी देवाच्या खात्यातला. तोही लेकीच्या डोक्यावरचा! रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि डोळ्यांसमोर आला तो हॉलमधला एक जुना रविवार.

स्पर्धा होती. दादाला हॉलमध्ये सगळे 'खांब' म्हणत, कारण तो कुणाला हलत नसे. त्या दिवशी समोरच्यानं मागून गळ्याची पकड बसवली. दादाचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. बारकी मॅटच्या कडेला गुडघ्यावर बसली होती, सगळ्यांत जवळ. आता हार मानून थोपटेल, आता थोपटेल, म्हणून ती बघत राहिली. दादाचा हात मॅटपासून वीतभर वर होता, आणि तिथंच थांबला होता. थोपटला नाही. मग तो हात सैल पडला. सर पलीकडून धावत आले, त्यांनी आपल्या पंजानं मॅटवर दोनदा फाडफाड मारलं तेव्हा पकड सुटली.

दादा शुद्धीवर आल्यावर हसला. सर हसले नाहीत. ते बारकीकडे आले.

"तू बघत होतीस ना?"

"हो, सर. पण मला वाटलं तो थोपटेल."

"खांब थोपटत नसतात, पोरी. खांब पडतात." त्यांनी तिच्यापुढं हात केला. "वचन दे. पुन्हा असं बघशील तेव्हा तू थोपटशील. तो रागावला तरी."

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला होता. सर आता या जगात नव्हते. पण माणूस गेलं म्हणून त्याला दिलेलं वचन जात नाही, एवढं तिला कळत होतं. एकीकडे खारूच्या डोक्यावरचा शब्द, दुसरीकडे सरांच्या हातावरचा. एक पाळावा तर दुसरा मोडतो.

सकाळी ती देवापुढं बसली, पण रोजचे शब्द पुन्हा पुन्हा अडले. शेवटी तिनं काढली ती पळवाट. खारूच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "तुला कणकण आहे. आज घरीच."

"मला काही नाही झालं!"

"आईला जास्त कळतं." तिनं खारूला शेजारच्या काकूंकडे सोडलं आणि दादाला सांगायला म्हणून थांब्यावर गेली.

थांब्यावर नेहमीची पोरं होती. गळ्यात डबे, पाठीवर दप्तरं. खालच्या मजल्यावरची जुळी एकमेकांच्या मोज्यांवरून भांडत होती. त्यांची आई बारकीला बघून हसली.

"खारू नाही आज? तुझा भाऊ गाडीवर असतो ना, म्हणून आम्ही अगदी बिनघोर असतो बघ. मागचा चालक म्हणजे नुसता यमदूत होता."

बारकीनं रांगेकडं पाहिलं. आपलं पाखरू घरट्यात लपवलं, आणि इतरांची ओळीनं उभी होती. त्यातल्या एकीच्या वेणीची रिबन सुटली होती. बारकीनं नकळत ती बांधून दिली, आणि बांधताना बोटं त्या इवल्याशा मानेला लागली. तिथंही तीच नाडी उडत होती.

बस आली. दार उघडलं.

"खारू कुठाय?" दादानं विचारलं.

"बरं नाही तिला. मला शाळेत तिच्या बाईंना भेटायचंय. येते मी." एवढं खोटं बोलून ती चढलीसुद्धा. पोरांना चढवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पुढं बस, बाई. मागं ही माकडं तुला जगू द्यायची नाहीत."

ती पहिल्या बाकावर बसली. खारूच्या जागेवर. समोर दोन हातांवर दादाची मान होती.

सगळा वेळ तिनं दुसरं काही पाहिलं नाही. सैल कॉलर, तिच्यावर तिच्याच हातची टीप. वर न काढलेले खुंट, आणि त्यांच्या मधोमध ती जागा, टुक टुक हलणारी. बोटाएवढी जागा. गाडीभर पोरं तिच्यावर टांगलेली, आणि त्यांना पत्ता नाही. मागं गाणं चाललं होतं. कुणीतरी कुणाचं खोडरबर पळवलं होतं. बारकीनं पुढच्या दांडीला धरलं होतं. हात इतका घट्ट, की बांगडी मनगटात रुतली. हा गेला तर मी काय करीन? ब्रेक कुठला? मधला की कडेचा? तिला गाडीतलं ओ का ठो कळत नव्हतं. ती नुसती म्हणत होती, देवा, पुढच्या वळणापर्यंत. देवा, आता त्या पुलापर्यंत.

बाजाराच्या चौकात गाडीला उजवीकडं वळायचं होतं. दादानं वेग कमी केला. इथं सगळे चालक मान वळवून उजवीकडं बघतात. बारकीनं श्वास धरला.

दादानं मान वळवलीच नाही.

डोळे तिरपे केले, खांदे थोडे फिरवले, आणि चाक वळवलं. त्याच वेळी उजवीकडून सायकलवर एक बाई येत होती, मागं भाजीची पिशवी. बारकीला ती दिसली. दादाला दिसली नाही. बाईनं किंचाळून हँडल पिळलं, सायकल पदपथावर चढली, पिशवी फाटून टोमॅटो रस्ताभर झाले. बस वळून पुढं निघून गेली. पोरांच्या गाण्यात ती किंकाळी कुणाला ऐकूसुद्धा आली नाही. दादा शीळ घालत होता.

इतका वेळ बारकी वाऱ्याला भीत होती. वारा आलाच नव्हता. हा वाऱ्याच्या भीतीनं रस्त्याकडं बघेनासा झाला होता. म्हणजे तोही घाबरला होता, तिच्यापेक्षा जास्त. हात मॅटपासून वीतभर वर धरून कधीचा थांबला होता, आणि तो हात खाली येत नव्हता.

शाळेच्या आवारात बस उभी राहिली. मावशींनी पोरं उतरवली. जुळी भांडतच उतरली. गाडी रिकामी झाली तसं दादानं इंजिन बंद केलं आणि आरशातून तिच्याकडं पाहिलं. मान न वळवता.

"काय गं? बाईंना भेटायचंय म्हणे! राखण करायला आली होतीस ना माझी? बघ, झालं काही?"

"चौकात एक सायकल होती, दादा."

"कुठली सायकल?"

ती आरशात त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. त्यानं खरंच काही पाहिलं नव्हतं. हळूहळू मात्र त्याचा रंग उतरत गेला.

"कुणाला लागलं का?" त्यानं विचारलं. आवाज लहान मुलाचा होता.

"नाही. आज नाही."

तो चाकावरचे हात बघत बसला. बारकी उठली. दारापाशी जाताना त्याच्या आसनामागं थांबली. त्याच्या मानेकडं न बघता तिनं खांद्यावर तळहातानं दोनदा थोपटलं. हळू नाही, लाडानं नाही. मॅटवर थोपटतात तसं, ठाम, पाठोपाठ दोनदा.

दादाचे खांदे ताठ झाले. त्याला कळलं. इतक्या वर्षांनंतरही ते दोन ठोके त्याला कळल्यावाचून राहणं शक्य नव्हतं.

"बारके," तो पुढं बघतच म्हणाला, "खारूच्या डोक्यावरचा शब्द आहे."

"तो मी दिला होता, खारूनं नाही. मोडल्याचं जे काही असेल ते माझ्या माथी. सकाळी मला देवापुढं हेच म्हणता येत नव्हतं, आता येईल." ती दाराकडं वळली. "चावी काढून ठेव, दादा. मी आले की दोघं डॉक्टरकडं जाऊ. वहिनीला पण मीच सांगते. तू काही बोलू नको."

मागं चावी निघाल्याचा आवाज तिला आला.

ती पायऱ्या उतरली. आवारात घंटा होत होती, पोरांच्या रांगा लागत होत्या. पलीकडं शाळेच्या कार्यालयात गाड्यांचं बघणाऱ्या बाई खिडकी उघडत होत्या. बारकीनं पदर नीट खोचला, सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली, आणि पोरांच्या रांगांच्या कडेकडेनं, कुणाला धक्का न लावता, ती त्या खिडकीकडं चालू लागली.